चिलरचं कंट्रोल कम्युनिकेशन : वायरिंग आणि बिघाड शोधण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिलरचं कम्युनिकेशन बंद आहे, असा फोन आला. सर्वांत आधी काय विचारायचं?

"कोण कोणाशी बोलत नाहीये?" हा पहिला प्रश्न. चिलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रात, दोन वेगळ्या लाइनी असतात आणि लोक दोन्हींना "कम्युनिकेशन" म्हणतात. एक पॅनलच्या आतली. मुख्य बोर्ड, डिस्प्ले, जादा इनपुट-आउटपुटचे बोर्ड, एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा ड्रायव्हर आणि असल्यास कॉम्प्रेसरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) हे सगळे त्या लाइनीवर एकमेकांशी बोलतात. दुसरी पॅनलच्या बाहेर जाणारी. ती चिलरला इमारतीच्या बीएमएसशी (इमारतीतल्या यंत्रांवर देखरेख करणाऱ्या संगणक-यंत्रणेशी) किंवा प्लांट मॅनेजरशी, म्हणजे सगळे चिलर मिळून चालवणाऱ्या कंट्रोलरशी, जोडते.

आतली लाइन तुटली तर चिलर बहुधा स्वतःच थांबतो आणि डिस्प्लेवर त्या बोर्डाच्या नावासकट अलार्म दाखवतो. बाहेरची तुटली तर चिलर बहुधा मजेत चालू असतो, फक्त बीएमएसच्या स्क्रीनवर त्याचे आकडे गोठलेले किंवा प्रश्नचिन्हात दिसतात. हा फरक फोनवरच कळला तर सोबत काय न्यायचं तेही ठरतं.

बीएमएसशी संपर्क तुटला तर चिलर थांबायला हवा का?

सहसा नाही. थंड पाण्याचा सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान), अँटी-फ्रीझ (पाणी गोठू न देणं), तेलाचा दाब, मोटरचं तापमान ही सगळी राखण चिलरचा स्वतःचा कंट्रोलर करतो. बीएमएस फक्त "चालू हो", "इतक्या तापमानाचं पाणी दे" आणि "इतक्याच क्षमतेवर चाल" एवढं सांगते. म्हणून संपर्क तुटल्यावर ठरावीक वेळ वाट पाहून स्थानिक सेटपॉइंटवर परत येणं ही शहाणी व्यवस्था. बहुतेक कंट्रोलरमध्ये ही वेळ आणि त्यानंतरचं वागणं निवडता येतं. मात्र ते कोणी निवडलेलंच नसतं, कारखान्यातून आलं तसंच राहतं. चिलर सुरू करून देण्याच्या दिवशीच कम्युनिकेशनची केबल मुद्दाम काढून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुढे रात्री येणारे बरेच फोन त्यात वाचतात.

सगळं मॉडबसवरून (यंत्रांच्या बोलण्याच्या एका ठरलेल्या भाषेतून) येतं-जातं, मग फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते सांगणारा) आणि पंपाच्या इंटरलॉकच्या (पंप बंद तर चिलर बंद, अशी अट घालणाऱ्या) वेगळ्या तारा कशाला?

कारण संदेश उशिरा पोचू शकतो, पोचणारही नाही, किंवा जुनाच आकडा नवा म्हणून वाचला जाईल. बाष्पकातलं (चिलरमध्ये पाणी जिथे थंड होतं तिथलं) पाणी थांबलंय आणि कॉम्प्रेसर चालूच आहे, अशा वेळी काही सेकंदांत नळ्या गोठण्याचा धोका उभा राहतो. फ्लो स्विच, पंपाच्या कॉन्टॅक्टरचा सहायक कॉन्टॅक्ट आणि इमर्जन्सी स्टॉप हे थेट तारेनेच चिलरच्या टर्मिनलवर यायला हवेत. फ्लोची माहिती बीएमएसला हवी असेल तर तिने ती चिलरकडून वाचावी. उलटा प्रवास नको. तारा वाचवण्यासाठी कोणी हे इंटरलॉक सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला सांगितलं तर मी लेखी सूचना मागतो. लेखी सूचना अजून एकदाही आलेली नाही.

पॅनल उघडण्याआधी काय काळजी घ्यायची?

मुख्य स्विच बंद केला म्हणजे पॅनल मेलं, असं समजू नका. इंटरलॉकच्या तारांवर दुसऱ्या पॅनलमधून व्होल्टेज आलेलं असू शकतं. व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये वीज गेल्यावरही काही मिनिटं जीवघेणा चार्ज राहतो. किती मिनिटं थांबायचं ते त्याच्या झाकणावर छापलेलं असतं, तेवढं थांबा आणि मग मोजून खात्री करा. लॉक लावा, टॅग लावा. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात नसते. पुरवठा बराच वेळ बंद राहिला तर तेलाचा हीटरही बंद राहतो आणि तेलात रेफ्रिजरंट मिसळतं. पुन्हा सुरू करण्याआधी हीटर किती तास चालू हवा ते उत्पादकाच्या पुस्तिकेत बघूनच कॉम्प्रेसर लावा.

केबल कोणती वापरायची? घरात पडलेली साधी दोन तारांची चालेल का?

बहुतेक चिलरची बाहेरची लाइन आरएस-४८५ या विद्युत पद्धतीवर चालते, मग वरची भाषा मॉडबस असो की बॅकनेट एमएस/टीपी. तिला पिळलेली जोडी लागते. बाहेरून येणारा गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि रिसीव्हर फक्त दोन तारांमधला फरक वाचतो, म्हणून तो गोंगाट आपोआप वजा होतो. समांतर धावणाऱ्या साध्या तारांना हा फायदा मिळत नाही.

केबलचा इंपीडन्स (धावत्या सिग्नलला जाणवणारा अवरोध) १२० ओहमच्या आसपास असावा. बॅकनेट एमएस/टीपीसाठी १०० ते १३० ओहम आणि दोन तारांमधली कपॅसिटन्स दर मीटरला १०० पिकोफॅरडपेक्षा कमी अशी अपेक्षा असते. कंट्रोलची साधी मल्टिकोर केबल इथेच नापास होते. वर शील्ड हवी, आणि शक्य असेल तर संदर्भ ग्राउंडसाठी तिसरी तार. आरएस-४८५ची १,२०० मीटरची मर्यादा सर्वांना पाठ असते, पण ती चांगल्या केबलसाठी आणि मंद वेगासाठी आहे, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

ही केबल पॉवर केबलच्याच ट्रेमधून नेली तर?

नेऊ नका. विशेषतः व्हीएफडी ते मोटर या केबलच्या शेजारून तर नाहीच. किमान ३०० मिलिमीटर अंतर राखा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

शील्ड कुठे अर्थ करायची? एका टोकाला की दोन्ही टोकांना?

चिलरच्या कम्युनिकेशन केबलसाठी नेहमीची रीत म्हणजे एकाच टोकाला, बहुधा बीएमएसच्या किंवा मुख्य कंट्रोलरच्या बाजूला. दोन्ही टोकांना अर्थ केली आणि दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फरक असला की शील्डमधूनच करंट वाहू लागतो. मग जी गोंगाट अडवायला घातली तीच गोंगाट आणते. उत्पादकाची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर तिचं ऐका.

अर्थपेक्षा जास्त चुका मात्र मधल्या जोडांवर होतात. प्रत्येक चिलरपाशी येणारी केबल आणि जाणारी केबल यांच्या शील्ड एकमेकींना जोडून, वर टेप किंवा स्लीव्ह चढवून, पॅनलच्या पत्र्यापासून अलग ठेवायच्या असतात. बरेच जण दोन्ही कापून मोकळ्या सोडतात किंवा दोन्ही जवळच्या अर्थ बारला लावतात. पहिल्या प्रकारात पुढची सगळी केबल उघडी पडते. दुसऱ्यात प्रत्येक चिलरपाशी एक नवा ग्राउंड लूप तयार होतो. शील्ड टर्मिनलपर्यंत न्या, शेवटच्या दोन इंचांत ती सोलून फुलासारखी पसरू देऊ नका.

चार चिलर आहेत. मधल्या जंक्शन बॉक्समधून चौघांना चार फाटे दिले तर काय बिघडलं?

सिग्नल प्रत्येक फाट्याच्या टोकावर आदळून परत येतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणून साखळीच हवी. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, केबल प्रत्येकाच्या टर्मिनलवर येऊन पुढे जायला हवी. फाटा अटळच असेल तर हातभर ठेवा. फाट्यांचीच रचना हवी असेल तर मधे आरएस-४८५ हब किंवा रिपीटर बसवा, म्हणजे प्रत्येक फाटा स्वतंत्र लाइन बनतो.

"आमच्याकडे फाटे आहेत आणि वर्षानुवर्षं चालतंय," असंही ऐकायला येतं. ते खोटं नसतं. ९,६०० बॉडला (सेकंदाला ९,६०० बिट) एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो, आणि पन्नास मीटरच्या फाट्यावरून प्रतिध्वनी अर्ध्या मायक्रोसेकंदात परत येऊन विरून जातो. तीच लाइन कोणी ७६,८०० बॉडला नेली, किंवा तिसऱ्या वर्षी आणखी फाटे काढले, की मग खरी परीक्षा होते.

टर्मिनेशन रेझिस्टर किती, कुठे, आणि आहे की नाही ते कसं ओळखायचं?

टोकावरून सिग्नल परत फिरू नये म्हणून साखळीच्या दोन भौतिक टोकांना, प्रत्येकी १२० ओहम. टोक म्हणजे केबल जिथे संपते ते ठिकाण. सर्वांत मोठा पत्ता असलेलं यंत्र किंवा बीएमएसचा कंट्रोलर हे टोक असेलच असं नाही. कंट्रोलर साखळीच्या मध्यावर असेल तर त्याच्यावर टर्मिनेशन नको.

तपासायला पुरवठा बंद करून + आणि − यांच्यामध्ये ओहम मोजा. दोन्ही जागच्या जागी असतील तर सुमारे ६० ओहम येतात. १२० आले तर एकच आहे. काही किलोओहम आले तर एकही नाही किंवा केबल जवळच तुटलीय. ४० आले तर कुठेतरी तिसरा लपलेला आहे. लांब केबलवर ६० ऐवजी थोडं जास्त दिसलं तर घाबरू नका. २४ गेजच्या तारेला किलोमीटरला सुमारे ८४ ओहम अवरोध असतो. म्हणून ५०० मीटर लाइनीच्या एका टोकावरून मोजलं की सुमारे ७५ ओहम येतात, आणि ते बरोबरच असतं.

तिसऱ्या रेझिस्टरबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण यात माझे स्वतःचे दोन दिवस गेलेत. लाइन मोकळी असताना, म्हणजे कोणीच बोलत नसताना, दोन तारांमध्ये किमान २०० मिलिव्होल्टचा फरक टिकून राहावा लागतो. नाहीतर रिसीव्हरला शांतता आणि बोलणं यातला फरक कळत नाही. हा फरक बायस रेझिस्टर राखतात. समजा ५ व्होल्टवर वर-खाली ५६० ओहमचे दोन बायस रेझिस्टर आहेत. दोन टर्मिनेशन असताना मधे ६० ओहम असतात आणि फरक सुमारे ०.२५ व्होल्ट येतो. चालतंय. तिसरा १२० ओहम लागला की मधे ४० उरतात आणि फरक ०.१७ व्होल्टवर उतरतो. आता लाइन मेलेली नाही, पण धड जिवंतही नाही. अर्धे संदेश पोचतात, अर्धे कचरा होतात. माझ्या बाबतीत तो तिसरा रेझिस्टर नव्या कन्व्हर्टरच्या आत होता, एका डिप स्विचवर (बोर्डावरच्या चिमुकल्या स्विचवर), आणि तो स्विच कारखान्यातून चालू स्थितीत आला होता. मी केबल बदलली, बोर्ड बदलायचा सल्ला दिला, आणि शेवटी ओहम मोजले. तेव्हापासून ओहम आधी मोजतो.

एका यंत्रावर ए-बी लिहिलंय, दुसऱ्यावर + आणि − लिहिलंय. काय कशाला जोडायचं?

इथे अक्षरांवर विश्वास ठेवू नका. मूळ मानकाप्रमाणे लाइन मोकळी असताना बी ही तार ए पेक्षा धन असते, पण कित्येक उत्पादक नेमकं उलटं छापतात. + आणि − यांच्यात गोंधळ कमी असतो. खात्री करायची तर यंत्र एकटं चालू ठेवून, बाकी लाइन सुटी करून, दोन टर्मिनलमध्ये डीसी व्होल्ट मोजा. ज्या टर्मिनलवर मीटरची लाल पिन ठेवल्यावर आकडा धन येतो ते +. बायस नसलेल्या यंत्रावर हा आकडा शून्याजवळ घुटमळतो. तेव्हा सरळ तारा अदलाबदल करून बघा. आरएस-४८५ला त्याने काही इजा होत नाही. मात्र शेजारच्याच टर्मिनलवर २४ व्होल्ट असतात. तिथे पिन घसरली तर इजा होते, आणि ती कायमची.

साखळीत एकाच चिलरच्या तारा उलट्या असतील तर फक्त तोच गप्प राहील असं समजू नका. त्याचे बायस रेझिस्टरही उलटे लागतात आणि सगळ्यांचा मोकळा व्होल्टेज खाली ओढतात.

तिसरी तार लागतेच का? दोनवर तर चालतं.

आरएस-४८५चे रिसीव्हर स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत −७ ते +१२ व्होल्टपर्यंतचा सिग्नल सहन करतात. दोन पॅनलच्या ग्राउंडमध्ये फरक त्याहून जास्त झाला की आधी संदेश गळतात, मग चिप जळते. तिसरी तार हा फरक आटोक्यात ठेवते. चिलर गच्चीवर आणि कंट्रोलर तळघरात असेल तर जोडण्याआधी दोन ग्राउंडमधला फरक एसी आणि डीसी दोन्हींवर मोजा. काही व्होल्ट दिसले तर तारेच्या नादी न लागता आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा) रिपीटर बसवा. दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची तार नकोच, फायबर टाका. वीज जवळ पडली की तांब्याच्या दोन्ही टोकांचे बोर्ड एकदम जातात.

नवा गेटवे (एका भाषेतले संदेश दुसरीत नेणारा बोर्ड) चिलरच्याच २४ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरवर लावला आणि फ्यूज उडाला. असं का?

काही यंत्रांच्या आत हाफ-वेव्ह रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) असतो, काहींच्या आत फुल-वेव्ह. हाफ-वेव्हवाल्यात २४ व्होल्ट एसीची एक बाजू थेट सिग्नल ग्राउंडला जोडलेली असते. अशी दोन यंत्रं एकाच ट्रान्सफॉर्मरवर घेताना एकाच्या दोन तारा उलट लागल्या, की कम्युनिकेशनच्या ग्राउंड तारेतून ट्रान्सफॉर्मर शॉर्ट होतो. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर बोर्ड जातो. फुल-वेव्ह आणि हाफ-वेव्ह एकत्र केले तर तारा सुलट असूनही हेच होतं. गेटवेला वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर द्या. इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

वायरिंग ठीक आहे, तरी मॉडबसवर चिलर उत्तरच देत नाही. आता?

चार गोष्टी दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळायला हव्यात : पत्ता, बॉड रेट, पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) आणि स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). मॉडबसचे पत्ते १ ते २४७. ० हा सगळ्यांना एकदम सांगण्यासाठी राखलेला असतो आणि त्याला कोणी उत्तर देत नाही. मानकाची डिफॉल्ट पॅरिटी इव्हन आहे आणि पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट अपेक्षित असतात. बाजारातल्या असंख्य यंत्रांवर "पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट" असंच असतं. पुस्तिकेत बघा, अंदाज करू नका. शिवाय डिप स्विच किंवा मेनूतून पत्ता बदलल्यावर अनेक बोर्ड पुरवठा बंद-चालू केल्याशिवाय नवा पत्ता घेत नाहीत.

मग लॅपटॉपला यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर लावा, बीएमएसची केबल सोडवा, आणि चिलरशी एकट्याने बोला. दोन मास्टर (प्रश्न विचारणारी यंत्रं) एकाच वेळी मॉडबसच्या लाइनीवर ठेवू नका. दोघे एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात आणि तुम्हाला भलतेच बिघाड दिसतात.

उत्तर "एक्सेप्शन ०२" आलं तर खूश व्हा. हा रजिस्टर (आकडा ठेवण्याचा क्रमांकित कप्पा) माझ्याकडे नाही, एवढंच चिलर सांगतोय. म्हणजे तारा, वेग, पॅरिटी, पत्ता सगळं बरोबर आहे. आता पॅनल बंद करून रजिस्टरची यादी उघडायची.

उत्तर येतं, पण आकडे विचित्र आहेत.

६८ दिसत असेल तर बहुधा ६.८ अंश, म्हणजे दहाने भागायचं राहिलंय. ६५,५२६ दिसत असेल तर ते −१० आहे, रजिस्टर चिन्हासकट वाचायचा राहिलाय. पाणी ४४ अंश दाखवत असेल आणि चिलर नीट थंड करत असेल तर आकडा फॅरनहाइटमध्ये आहे. ४४ फॅरनहाइट म्हणजे ६.७ सेल्सिअस. दशांशातले आकडे अगडबंब येत असतील तर ३२ बिटांच्या आकड्याचे दोन रजिस्टर उलट क्रमाने जोडले जातायत.

सर्वांत फसवी चूक एका घराने सरकण्याची. पुस्तिकेतला ४०००१ हा रजिस्टर तारेवर ० या क्रमांकाने जातो. काही सॉफ्टवेअर हे एक वजा करणं स्वतः करतं, काही तुमच्यावर सोडतं. मग बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या जागी परत येणाऱ्या पाण्याचं तापमान दिसतं. ७ ऐवजी १२. दोन्ही आकडे पटण्याजोगे, म्हणून महिनोन्महिने कोणाला शंका येत नाही आणि बीएमएस दुसरा चिलर उगाच चालू करत राहते. प्रत्येक बिंदू डिस्प्लेच्या आकड्याशी समोरासमोर ताडून घ्या, निदान तापमानं तरी.

बीएमएसवर आकडे फार उशिरा बदलतात. वेग वाढवायचा का?

आधी बीएमएस कसं विचारते ते बघा. ९,६०० बॉडला एकेक रजिस्टर वेगळा विचारला तर ४० रजिस्टरना, चिलरचा उत्तराआधीचा विराम धरून, दोन-तीन सेकंद लागतात. तेच ४० सलग रजिस्टर एका विचारणीत मागितले तर साधारण शे-दीडशे मिलिसेकंदांत काम होतं. मॉडबस एका वेळी १२५ रजिस्टरपर्यंत वाचू देतो. शिवाय साखळीतलं एखादं यंत्र कायमचं बंद असेल आणि बीएमएस दर फेरीत त्याची टाइमआउटपर्यंत वाट बघत असेल, तर तो वेळ सगळ्यांच्या खात्यात जातो. ते यंत्र यादीतून काढा.

सेटपॉइंट बीएमएसवरून सतत लिहीत राहिलं तर काही नुकसान?

होऊ शकतं, आणि हा प्रश्न फार कमी जण विचारतात. काही कंट्रोलर लिहिलेला सेटपॉइंट कायमच्या स्मृतीत, ईईप्रॉममध्ये, साठवतात. तिचं आयुष्य साधारण १ लाख ते १० लाख वेळा लिहिण्याचं असतं. बीएमएस दर १० सेकंदांनी लिहीत असेल तर दिवसाला ८,६४० वेळा होतात, म्हणजे १ लाखाचा टप्पा बाराव्या दिवशी पार. पुस्तिकेत तात्पुरता रजिस्टर वेगळा दिलाय का ते शोधा. नसेल तर आकडा बदलल्यावरच लिहायला सांगा.

बॅकनेट एमएस/टीपीवर चिलर शोधयादीत येतच नाही.

इथे मॉडबससारखा एक मास्टर नसतो, टोकन, म्हणजे बोलण्याची पाळी, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे फिरतं. मास्टर यंत्रांचे मॅक पत्ते ० ते १२७. प्रत्येक यंत्रात "मॅक्स मास्टर" नावाची सेटिंग असते. आपल्या पुढे कोणी आहे का, हे कुठल्या पत्त्यापर्यंत विचारायचं ते ती ठरवते. बाकी सगळ्यांवर ती २० असेल आणि तुम्ही चिलरला २५ पत्ता दिला असेल, तर त्याला कोणी हाकच मारत नाही. तारा निर्दोष, वेग बरोबर, आणि तरी चिलर वाळीत टाकल्यासारखा. उलट बाजूने, पाच यंत्रांच्या लाइनीवर ती १२७ ठेवली तर नसलेल्यांना हाका मारण्यात वेळ जातो. पत्ते सलग द्या आणि मॅक्स मास्टर शेवटच्या पत्त्याच्या थोडं वर ठेवा.

दुसरी नेहमीची गोम म्हणजे डिव्हाइस इन्स्टन्स, यंत्राचा बॅकनेटमधला ओळखक्रमांक. मॅक पत्ता त्या लाइनीपुरता वेगळा असला की भागतं. डिव्हाइस इन्स्टन्स मात्र सबंध बॅकनेट जाळ्यात एकमेव हवा, ० ते ४१,९४,३०२ यांपैकी कोणताही. एकाच खेपेत आलेल्या जुळ्या चिलरांवर कारखान्यातून एकच क्रमांक असू शकतो. मग कधी एक दिसतो, कधी दुसरा, आणि लोक केबल हलवत बसतात.

बॅकनेट आयपीवर, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवरच्या बॅकनेटवर, दिसत नसेल तर?

यूडीपी पोर्ट ४७८०८ मोकळा आहे का ते बघा. चिलर आणि बीएमएस वेगळ्या सबनेटवर असतील तर शोधाचा ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही, तो पलीकडे पोचवणारा बीबीएमडी लागतो. मॉडबस टीसीपीचा पोर्ट ५०२. यापुढचं काम नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसासोबत बसून करण्याचं आहे.

चिलर बीएमएसवर दिसतो, आकडे बरोबर, पण "चालू हो" सांगितलं तरी हलत नाही.

डिस्प्लेवर नियंत्रणाचा स्रोत बघा : स्थानिक, रिमोट कॉन्टॅक्ट की नेटवर्क. सर्व्हिसवाल्याने काम करताना स्थानिक केलेलं असतं आणि जाताना परत करायचं राहतं. नेटवर्कवर असूनही रिमोट चालू-बंदच्या टर्मिनलवरचा जंपर (दोन टर्मिनल जोडणारा छोटा तुकडा) काढलेला असेल तरी चिलर थांबूनच राहतो. कारण अनेक यंत्रांत दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. बाकी फ्लो नाही, पुनःप्रारंभाचा टायमर चालू आहे, पाणी आधीच पुरेसं थंड आहे, यातलं काहीही असू शकतं आणि डिस्प्ले ते सांगत असतो. वाचा तर खरं.

बॅकनेटवर आणखी एक शक्यता असते. आदेशांना १६ पायऱ्यांचा अग्रक्रम असतो, आकडा लहान तितका मान मोठा. कोणीतरी कधीतरी हाताने ८व्या पायरीवर "बंद" लिहून ठेवलं असेल तर बीएमएसचा प्रोग्राम १६व्या पायरीवर कितीही "चालू" म्हणो, ऐकलं जाणार नाही. ८व्या पायरीवर "चालू" लिहिणं हा उपाय नव्हे, ती पायरी रिकामी करायला हवी.

कम्युनिकेशन येतं-जातं. दिवसातून दोन-चार वेळा तुटतं, आपण पोचेपर्यंत सुरू झालेलं असतं.

सर्वांत चिकट प्रकार. तुटण्याच्या वेळा लिहून काढा आणि शेजारी पंप, कूलिंग टॉवरचे पंखे, कॉम्प्रेसर चालू होण्याच्या वेळा ठेवा. एखाद्या व्हीएफडीच्या वेळेशी जोडी जमली तर मार्ग, शील्ड आणि अर्थ यांकडे वळा. दुपारच्या उन्हाशी जमली तर गच्चीवरच्या बॉक्समधला सैल स्क्रू किंवा फेरूल (टोकाची धातूची टोपी) न लावलेली तार. पावसाशी जमली तर ग्लँडमधून (केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या बुचातून) पाणी शिरतंय. कशाशीच जमली नाही तर पत्ते तपासा, दोन यंत्रांवर एकच पत्ता असेल.

मग साखळी मधोमध तोडा. अलीकडच्या अर्ध्यावर पूर्ण दिवस चालू द्या. त्या टोकाला तात्पुरतं १२० ओहम लावायला विसरू नका. ठीक चाललं तर दोष पलीकडे. पुन्हा अर्धं करा. कंटाळवाणं आहे, पण आठ यंत्रांच्या साखळीत तीन फेऱ्यांत दोषी सापडतो. याच वेळी मीटरवर मोकळ्या लाइनीचा व्होल्टेजही बघा. तो कायम २ व्होल्टच्या आसपास अडकून राहिला असेल आणि कोणाचंच बोलणं जात नसेल, तर एखाद्या बोर्डाचा ट्रान्समीटर चालू अवस्थेतच बसलाय. एकेक यंत्राचा प्लग काढत जा. ज्याचा काढल्यावर लाइन मोकळी होते तो दोषी.

डिस्प्लेवर "बोर्ड क्रमांक अमुकशी संपर्क नाही" असा अलार्म आहे. बोर्ड मागवू का?

थांबा. त्या बोर्डावरचा पुरवठ्याचा दिवा लागलाय का? कम्युनिकेशनचा दिवा लुकलुकतोय का? आतल्या लाइनी काही यंत्रांत आरएस-४८५च्या असतात, काहींत कॅन नावाच्या दुसऱ्या दोन तारांच्या पद्धतीच्या. कॅनवरही पुरवठा बंद असताना ६० ओहम यायला हवेत. शांत असताना दोन्ही तारा ग्राउंडपासून सुमारे २.५ व्होल्टवर असतात. कॉम्प्रेसरच्या थरथराटाने सैल झालेला प्लग हे बोर्ड जळण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडणारं कारण आहे. शिवाय एखादा २४ व्होल्टचा सेन्सर शॉर्ट झाला तरी बोर्डाचा पुरवठा खाली बसतो आणि अलार्म कम्युनिकेशनचाच येतो. त्या बोर्डाचे इनपुट प्लग काढून बघा, संपर्क परत आला तर गुन्हेगार सेन्सर आहे.

एकाच वेळी चार-पाच बोर्ड "हरवले" असतील तर बोर्ड नक्कीच गेलेले नाहीत. हरवलेल्यांतला पहिला आणि सापडलेल्यांतला शेवटचा, या दोघांमधली तार बघा.

बोर्ड बदलला, तरी नवा ओळखला जात नाही.

पत्त्याचे डिप स्विच जुन्यासारखे करा. टर्मिनेशनचा जंपरही जुन्यासारखाच. म्हणून जुना काढण्याआधी फोटो घ्या. काही चिलरांमध्ये आतले मॉड्यूल सर्व्हिस सॉफ्टवेअरने मुख्य बोर्डाशी बांधून द्यावे लागतात, नुसतं बसवून भागत नाही. मुख्य बोर्डच बदलायचा असेल तर आधी सगळ्या सेटिंग उतरवून घ्या, डिस्प्ले चालू असेपर्यंत.

जुन्या चिलरवर लोनवर्क्स ही वेगळी कम्युनिकेशन पद्धत आहे. तेच नियम लागू?

थोडे वेगळे. नेहमीच्या एफटीटी-१० प्रकारात वेग ७८ किलोबिट, दोन तारा उलटसुलट लागल्या तरी चालतं, आणि फाटेही चालतात. फाट्यांच्या रचनेत एकच टर्मिनेटर, सरळ साखळीत दोन. आरएस-४८५चा १२० ओहमचा रेझिस्टर इथे लावू नका. नवा बोर्ड जाळ्यात घेताना त्याचं सर्व्हिस बटण दाबून ४८ बिटांची ओळख पाठवावी लागते.

काम संपल्यावर काय लिहून ठेवायचं?

साखळीचा खरा क्रम, म्हणजे नकाशावरचा नव्हे तर केबल ज्या वाटेने गेली तो. प्रत्येकाचा पत्ता, वेग, पॅरिटी. टर्मिनेशन कोणत्या दोन ठिकाणी आहे, शील्ड कुठे अर्थ केली. पुरवठा बंद असताना मोजलेले ओहम आणि मोकळ्या लाइनीचा व्होल्टेज, तारखेसकट. हा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून चिलरच्या पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. ऑफिसातल्या फाइलमध्ये ठेवलेला कागद रात्री अडीचला कोणाला सापडत नाही.